दमट हवेसाठी एसी: मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या घरांनी काय बघून घ्यावा

मे महिन्यात नागपुरात पारा ४४ वर जातो आणि मुंबईत ३४ च्या आसपास असतो. तरीही मुंबईच्या त्या ३४ मध्ये जीव नकोसा होतो, कारण नागपूरच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि मुंबईत तो अंगावरच राहतो. विदर्भात कूलर चालतो तोही याच कारणाने. कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकं पाणी असतं की कूलर लावला की खोलीत नुसती चिकचिक वाढते.

म्हणून पालघरपासून काणकोणपर्यंतच्या पट्ट्यात एसी घेताना "खोली किती गार होईल" याच्या जोडीला "हवेतलं पाणी किती निघेल" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुकानात तो सहसा कोणी विचारत नाही आणि सेल्समनही आपणहून काही सांगत नाही. खरं तर हे यंत्र जन्मालाच मुळी त्यासाठी आलं. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगीत छपाई जुळायची नाही, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. माणसांना गारवा मिळाला तो नंतर.

थोडा हिशोब करू. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर या खोलीभर हवेत सुमारे पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता हवी असेल तर त्यातलं निम्मं काढावं लागतं. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून आणखी अर्धा लिटर तरी भर पडते. खिडकीच्या फटींतून बाहेरची ओली हवा सतत आत येते ती वेगळीच, आणि बहुतेक घरांत तिचा वाटा सगळ्यांत मोठा असतो. एक लिटर पाणी हवेतून काढायला एक टनाच्या एसीची जवळपास बारा मिनिटांची पूर्ण ताकद खर्च होते. तेवढ्या वेळात तापमान अर्ध्या अंशानेही उतरत नाही, मीटर मात्र पळत असतो.

आधी खोली

मॉडेल बघायला जाण्याआधी एक दिवस खोलीकडे नीट बघा. लांबी-रुंदी मोजा. खिडकी पश्चिमेला आहे का, वर गच्चीचा स्लॅब आहे का, खोलीला लागून बाथरूम आहे का, हे लिहून ठेवा.

मग रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून खिडकी बघा, किंवा उदबत्ती पेटवून चौकटीजवळ धरा. धूर जिथे हलतो तिथे फट आहे. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांत कडेला केसाळ पट्टी असते. ती आठ-दहा वर्षांत झडून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अॅल्युमिनियमचं काम करणारा माणूस ती फुटावर पैसे घेऊन बदलून देतो. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, बाथरूमचं दार बंद ठेवायची सवय आणि तिथे चालू स्थितीतला एक्झॉस्ट एवढं झालं तरी एसीवरचा भार चांगलाच उतरतो.

पावसाळ्यात बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालणं हा मुंबईच्या घरांचा नाइलाज आहे, पण तो फार महाग पडतो. मशिनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यात दोन-तीन लिटर पाणी सहज असतं. ते सगळं तुमचा एसी हवेतून ओढून बाहेर टाकतो आणि त्याचं बिल तुम्ही भरता. जागा असेल तर कपड्यांना दुसरी खोली, पंखा आणि उघडी खिडकी द्या.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या कौलारू घरांचा प्रश्न वेगळा आहे. चिऱ्याच्या जाड भिंती ऊन अडवतात, पण भिंत आणि कौलं यांच्यामधली जागा उघडी असते. अशा खोलीत कितीही टनांचा एसी लावला तरी तो अंगणातली हवा वाळवत बसणार. तिथे आधी लाकडी माळा किंवा छताखाली बंद सीलिंग करून घ्यावं, कडेच्या फटी भराव्यात आणि मगच एसीचा विचार करावा. सगळ्या घराऐवजी झोपायची एकच खोली अशी बंदिस्त करणं शहाणपणाचं आहे.

टन किती

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट थंडावा. दुकानात "दीड टन" म्हणून मिळणाऱ्या यंत्रांची खरी क्षमता मात्र सारखी नसते. कोणाची ४.७ किलोवॅट असते, कोणाची ५.२. म्हणून टनाचा आकडा ऐकून थांबू नका, लेबलावरचे वॅट वाचा.

किनाऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये १०० ते १३० चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो. १५० ते १८० ला दीड टन घ्यावा. हॉल २०० च्या पुढे असेल आणि स्वयंपाकघर त्याला उघडं जोडलेलं असेल तर दीड ते दोन. वरचा मजला असेल तर थेट अर्धा टन वाढवण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग लावता येईल का ते सोसायटीत विचारा. दुपारी पश्चिमेचं ऊन येत असेल तर खिडकीच्या बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन आत आल्यानंतर अडवतो.

"थोडा मोठाच घेऊ, लवकर गार होईल" हा सल्ला किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त नुकसान करतो. १० बाय १० च्या खोलीत दीड टनी एसी लावला की दहा मिनिटांत तापमान खाली येतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाणी निघायला कॉइल, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांची जाळी, सलग थंड राहावी लागते, तिच्यावर थेंब जमून ते ट्रेमध्ये गळावे लागतात. कॉम्प्रेसर वरचेवर थांबला की कॉइलवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीतच परततं. खोली गार होते, पण दमटही राहते. चादर ओलसर लागते, कपाटात कुबट वास येतो, आणि माणूस रिमोट आणखी दोन अंश खाली आणतो. मोजून-मापून घेतलेला एसी जास्त वेळ चालतो आणि त्यामुळेच हवा कोरडी करतो.

इन्व्हर्टर, साधा की खिडकीचा

रोज रात्री एसी लागत असेल तर इन्व्हर्टर स्प्लिट घ्या, यात फार विचार करण्यासारखं नाही. कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू फिरत राहतो, बंद-चालू होत नाही. मात्र दमट हवेत त्याची एक बाजू माहीत असावी. फार कमी वेगावर कॉइल तितकीशी थंड राहत नाही आणि पाणी कमी निघतं. यावर उपाय म्हणजे पंख्याचा वेग कमी ठेवणं. हवा कॉइलवरून सावकाश गेली की जास्त पाणी सोडते. काही कंपन्या माहितीपत्रकात तासाला किती लिटर आर्द्रता काढली जाते हा आकडा छापतात. दोन मॉडेलं बाकी सारखी असतील तर मी या आकड्यावर निवड करेन. दीड टनी यंत्राला पूर्ण जोरात तासाला दीड-दोन लिटर हा चांगला आकडा आहे.

भाड्याच्या घरात किंवा आउटडोअर युनिट टांगायला सुरक्षित जागाच नसलेल्या जुन्या इमारतीत खिडकीचा एसी आजही बरा. आवाज जास्त असतो, पण घर बदलताना पाइप आणि गॅसचा खर्च नाही. चौकटीभोवतीच्या फटी मात्र फोमने नीट बंद करा, नाहीतर वर सांगितलेलं सगळं वाया जातं.

हॉट अँड कोल्ड, वाय-फाय, आवाजावर चालणारा रिमोट यांसाठी जादा पैसे मोजू नका. मुंबई-रत्नागिरीत हीटर लागत नाही.

लेबल वाचायचं कसं

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलावर तारे मोठे दिसतात, पण कामाचा आकडा त्याखाली असतो: आयएसईईआर (ISEER). वर्षभरात दिलेला थंडावा भागिले खाल्लेली वीज, असं ते गुणोत्तर आहे. ताऱ्यांचे निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला पाच तारे आणि नव्या निकषांचा पाच तारे यांत फरक असू शकतो. गुणोत्तराचा आकडा दोन्हीकडे तोच अर्थ सांगतो.

लेबलावरची वार्षिक युनिटं १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुम्ही वर्षातले आठ महिने रोज आठ तास एसी लावत असाल तर तुमचे तास १९०० च्या वर जातात. शिवाय क्षमतेची चाचणी ज्या खोलीत होते तिथली हवा २७ अंश आणि साधारण ४७ टक्के आर्द्रतेची असते. आपल्या जूनमधल्या खोलीत इतकी कोरडी हवा मिळत नाही, तेव्हा यंत्राची बरीच ताकद पाणी काढण्यातच जाते. लेबलावरचा आकडा दोन यंत्रांची तुलना करायला उत्तम आहे. तुमचं बिल त्यापेक्षा वेगळं येणार हे धरून चला.

तीन तारे की पाच तारे, हे वापरावर ठरवा. समजा लेबलावर एका यंत्राची ९४० युनिटं आहेत आणि दुसऱ्याची ७५०. तुमच्या १९०० तासांना फरक होतो सुमारे २२५ युनिटांचा. एसीची युनिटं बिलाच्या वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून हिशोब सरासरी दराने न करता तुमच्या बिलातल्या सगळ्यांत वरच्या दराने करा. तो १२ रुपये असेल तर वर्षाला २,७०० रुपये वाचतात. किमतीतला फरक नऊ हजारांचा असेल तर सव्वातीन वर्षांत तो वसूल. याउलट गावचं घर फक्त शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत उघडत असेल तर तीन तारेच पुरे.

खारा वारा

समुद्राजवळ एसी मरतो तो बहुतेक वेळा आउटडोअर युनिटच्या कॉइलमुळे. खारट ओलावा पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसतो, त्या पांढऱ्या पडून भुगा होतात, मग नळीला बारीक छिद्र आणि गॅस गायब. तांब्याची कॉइल घ्या. ती गळाली तर सांधता येते, अॅल्युमिनियमच्या नळीची दुरुस्ती बहुधा टिकत नाही. पट्ट्यांवर निळा किंवा सोनेरी गंजरोधक थर आहे का ते विचारा, आणि तो फक्त आतल्या युनिटला आहे की बाहेरच्यालाही, हे नक्की विचारा. आपल्याला बाहेरचाच हवा असतो.

हमीपत्र नीट वाचा. कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी असं मोठ्या अक्षरांत असतं, पण किनाऱ्यावर आधी जातात कॉइल आणि सर्किट बोर्ड. या दोघांना किती वर्षं, गंज हमीत धरला आहे का, गॅस भरून देणार का, हे लेखी घ्या.

आउटडोअर युनिट शक्यतो नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात नको. ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असू द्या. साधे रंगवलेले अँगल पाच-सहा पावसाळ्यांत सडतात, आणि त्यांच्यावर तीस-चाळीस किलोंचं यंत्र रस्त्याच्या वर लटकत असतं.

वीज

दीड टनी यंत्र पूर्ण जोरात सात-आठ अँपिअर घेतं. त्याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवं. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंगचा तिसरा पिन नुसता दिखाऊ असतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दुसरा एसी घेत असाल तर तो वाढवण्याचा अर्ज आधी करा.

मुंबई शहरात दाब बऱ्यापैकी स्थिर असतो. गावाकडे संध्याकाळी दिवे मंदावत असतील तर स्टॅबिलायझर घ्याच, "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी.

फिटिंगचा दिवस

एसी निवडण्याइतकीच काळजी इथे घ्यावी लागते, आणि नेमकं इथेच सगळे घाईत असतात. त्या दिवशी घरी थांबा.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि ड्रेनचं पाणी सरळ बाहेर जातं. ड्रेन पाइपला मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा, मधे कुठे वर-खाली नको. त्याचं टोक पाण्यात बुडलेलं नको आणि खालच्यांच्या खिडकीवरही नको. पाइप लावून झाला की मेकॅनिकला लिटरभर पाणी आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये ओतायला सांगा आणि ते न अडखळता बाहेर येतं का ते स्वतः बघा. आपल्याकडे या नळीतून रात्रीत आठ-दहा लिटर पाणीही जाऊ शकतं. कोरड्या गावात चालून जाईल असा उतार इथे पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर ओघळ आणतो. बादली लावलीत तर ते पाणी लादी पुसायला आणि झाडांना वापरा, पिण्याला मात्र नाही.

तांब्याच्या दोन्ही नळ्यांना स्वतंत्र इन्सुलेशन हवं, सांध्यापर्यंत, कुठेही उघडं तांबं दिसता कामा नये. दमट हवेत दोन बोटं उघडी राहिली तरी तिथून थेंब गळतात आणि फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो.

आणि व्हॅक्यूम. नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते, पंधरा-वीस मिनिटं तरी. घाईतला मेकॅनिक थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो आणि काम उरकतो. आत राहिलेली ओल तेलात मिसळते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते, ज्याचा पत्ता हमी संपल्यावर लागतो. "पंप आणलाय का?" हा प्रश्न फोनवर वेळ ठरवतानाच विचारा. नव्या एसींत असणारा आर-३२ गॅस सौम्य ज्वालाग्राही आहे, त्यामुळे गॅस भरताना-काढताना खिडक्या उघड्या आणि सिगारेट-लायटर लांब. आर-२२ हा आधीचा गॅस असलेल्या जुन्या एसीची नळी वाचवून तिलाच नवं यंत्र जोडू देऊ नका, दोन्हींची तेलं वेगळी असतात.

आउटडोअर युनिट बॉक्स ग्रिलच्या आत कोंबलं की ते स्वतःचीच गरम हवा परत घेतं. पुढची बाजू मोकळी ठेवा, वर कुंड्या आणि खोकी रचू नका. मेकॅनिक तिथे सुरक्षित उभा राहू शकेल का, हा विचार जागा ठरवतानाच करा. कमरेला पट्टा न बांधता कोणी पाचव्या मजल्याच्या छज्जावर उतरत असेल तर त्याला थांबवा. काम दुसऱ्या दिवशी झालं तरी चालेल.

शेवटी भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवा. तिथून मुंग्या आणि पाली आत शिरतात. बाहेरच्या युनिटमध्ये पाल सर्किट बोर्डावर चढून बोर्ड जळण्याचे प्रकार कोकणात नेहमीचे आहेत.

वापर ऋतूप्रमाणे बदला

शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारं छोटं आर्द्रतामापक खोलीत ठेवा. मला ही या सगळ्यातली सगळ्यांत उपयोगी वस्तू वाटते. ५० ते ६० टक्क्यांत असाल तर २६ अंशांवरही शांत झोप लागते. ७५ वर असाल तर २२ लावूनही चिकट वाटतं.

मे महिन्यात २५-२६ अंश आणि छताचा पंखा हळू. तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा मंत्रालय सांगत आलं आहे. २०२० पासून तारे असलेला एसी कंपनीकडूनच २४ वर लावलेला येतो, तेव्हा तिथून वर जायला हरकत नाही.

जुलैत मात्र बाहेरच २७-२८ अंश आणि आर्द्रता नव्वदीला असते. अशा वेळी तापमान लगेच गाठलं जातं आणि यंत्र सुस्तावतं. तेव्हा ड्राय मोड लावा. रिमोटवर तो थेंबाच्या चित्राने दाखवतात. त्यात पंखा मंद होतो आणि पाणी जास्त निघतं. खोली २० पर्यंत गार करण्याचा मोह टाळा, कारण थंड पडलेल्या भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ओली हवा त्याच भिंतीला पाणी सोडते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. सकाळी एसी बंद केल्यावर खोलीत दहा मिनिटं ताजी हवा खेळू द्या.

बंद करताना कॉइल ओली असते. ऑटो क्लीनचा पर्याय असेल तर कायमचा चालू ठेवा, नसेल तर पंधरा मिनिटं नुसता पंखा फिरू द्या. एसीला येणारा ओल्या फडक्यासारखा वास यानेच जातो.

देखभाल

जाळी पंधरवड्याला नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून बसवा. आतली कॉइल आणि ट्रे यांची सर्व्हिस वर्षातून दोनदा करा, मार्चमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. समुद्र दिसत असेल अशा घरात आउटडोअर युनिटवर, वीज बंद करून, दर दीड-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. मीठ धुऊन निघतं. जोराच्या धारेने मात्र पट्ट्या वाकतात.

गॅसचं एक पक्कं लक्षात ठेवा. तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी कोणी "गॅस कमी झालाय, भरायला लागेल" म्हणत असेल तर आधी गळती दाखवायला सांगा: नायट्रोजनचा दाब आणि साबणाचं पाणी, बुडबुडे कुठे येतात ते. ती बंद झाल्यावर पुन्हा व्हॅक्यूम, आणि मग युनिटच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमांप्रमाणे काट्यावर तोलून गॅस भरायचा.